भीमाशंकर अभयारण्य: देवदर्शनापलीकडचे जंगल

भीमाशंकरला येणारे बहुतेक जण ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन परततात. १९८५ मध्ये घोषित झालेले अभयारण्य त्यांच्या गावीही नसते. शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, पाहायचे असेल, तर देवळाकडची वर्दळ टाळून सकाळी लवकर भोरगिरीच्या पायवाटेला लागावे. आधी दिसतात ती घरटी: उंच झाडांच्या शेंड्याजवळ, काटक्या आणि पानांनी विणलेली गोल गाठोडीच जणू. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरटे दिसले म्हणजे शेकरू आत असेलच, असे मुळीच नाही. मान वर करून शांतपणे थांबणाऱ्याला वरून पडणारी टरफले ऐकू येतात आणि मग तांबूस अंग व फिकट टोकाची लांब शेपूट नजरेस पडते. आमच्यासोबतच्या स्थानिक वाटाड्याला ही टरफले कुठे शोधायची हे नेमके ठाऊक होते. त्याचे मानधन पुरेपूर वसूल झाले.

कोकणातून, म्हणजे खांडसहून चढणाऱ्यांनी पावसाळ्यात शिडी घाटाच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथले निसरडे कातळटप्पे नवख्यांसाठी जिवावर बेतू शकतात. लांबचा असला तरी गणेश घाट बरा. नागफणीचे टोक धुके नसेल तरच गाठावे. सुट्टीच्या दिवशी मात्र स्पीकर लावून फिरणारे टोळभैरव जंगलातही भेटतात (त्यांना शेकरू कधीच दिसत नाही, हे एक बरे), म्हणून शक्यतो आडवार निवडावा.