शिर्डी पदयात्रेचं सामान : दिवाळीपासून आषाढापर्यंत वापरल्यावर

पैसे कशाचे वसूल झाले ते आधी सांगते. साडेचार हजारांच्या बुटांचे नाही, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून दीडशेला आणलेल्या चमकत्या जाकिटाचे. पदयात्रेला निघणारा प्रत्येक जण बुटांची चौकशी करतो, गुडघ्याच्या पट्ट्याची करतो, तेलाची सुद्धा करतो. मागून येणाऱ्या कंटेनरच्या ड्रायव्हरला आपण दिसणार कसे, हे मात्र आमच्या मंडळाच्या बैठकीत कुणीही विचारलं नव्हतं. फोडाने माणूस फार तर टेम्पोत बसतो. बाकीचं लिहायला नको.

आमची पालखी विक्रोळीहून निघते आणि रामनवमीला शिर्डीत पोचते. ठाणे, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून सिन्नरमार्गे शिर्डी, असं सगळं मिळून 240 किलोमीटरच्या आसपास. मोठं सामान टेम्पोत आणि पाठीवर एक लहान सॅक. ‘समृद्धीवरून जवळ नाही का पडणार?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. त्या रस्त्यावर दुचाकीला सुद्धा बंदी आहे, पायी चालणाऱ्यांचं तर नावच नको. सराव मी दिवाळीनंतर सुरू केला: रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत जाऊन-येऊन, आणि एरवी ऑफिसहून आल्यावर हायवेच्या सर्व्हिस रोडने. सगळं सामान या सरावात, मग पदयात्रेत आणि आता पावसात रोजच्या जाण्या-येण्यात वापरलंय.

आता जाकीट. नागदेवीला हेल्मेट, गमबूट, हातमोजे विकणारी दुकानं ओळीने आहेत. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, ‘ताई, दिवसाचं पाहिजे की रात्रीचं?’ मला वाटलं गंमत करतोय, पण प्रश्न अगदी बरोबर होता. जाकिटाचा तो भडक पोपटी रंग दिवसाउजेडीच उठून दिसतो, कारण त्याची चमक उन्हातल्या अतिनील किरणांवर चालते. अंधारात तो रंग काहीच कामाचा नाही. तिथे काम करते ती फक्त रुपेरी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात आणि हेडलाइटचा उजेड ते जिथून आला तिकडेच, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे परत पाठवतात. त्यामुळे बघायची ती पट्टी. चांगल्या जाकिटाची पट्टी 50 मिलिमीटर रुंद असते आणि आतल्या लेबलवर 20471 हा मानकाचा आकडा छापलेला असतो. माझ्या दीडशेच्या जाकिटावर तो नाही, पण पट्टी रुंद आहे. दुकानातच खात्री करून घ्यायची असेल तर मोबाइलचा फ्लॅश लावून दहा पावलांवरून फोटो काढा. पट्टी पांढरीशुभ्र उजळली तर घ्या, राखाडी दिसली तर ठेवून द्या.

एक गोष्ट दुकानात कळत नाही. जाकिटावर सॅक चढवली की मागची पट्टी सॅकखाली जाते, म्हणजे गाडी जिकडून येणार नेमक्या त्याच बाजूला अंधार. सरावात भावोजींनी मागून फोटो काढला तेव्हा हे दिसलं. फोटोत दोन खांदे चमकत होते आणि मधे काळं भोक. त्यावर उपाय म्हणून पट्टीचा तुकडा वेगळा विकत घेतला आणि सॅकच्या पाठीवर आडवा शिवून टाकला. दुसरा तुकडा घोट्यांवर बांधायच्या पट्ट्यांसाठी. चालताना घोटे खाली-वर होतात आणि ती हालचाल बघून ड्रायव्हरला पटकन कळतं की हा माणूस आहे, खांब नाही. अंगावरच्या स्थिर पट्टीपेक्षा सांध्यांवरच्या हलत्या पट्ट्यांवरून माणूस लवकर ओळखू येतो, हे रस्ता-सुरक्षेच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. घोट्याच्या पट्ट्यांचं इलास्टिक मात्र रद्दी निघालं. शहापूर येईपर्यंत सैल पडून त्या बुटांवर लोळायला लागल्या होत्या. आता वेल्क्रोच्या घेतल्यात.

इतक्या महिन्यांनंतर जाकिटाची अवस्था अशी: घडी पडते तिथे पट्टीला भेगा गेल्यात आणि फ्लॅशच्या फोटोत त्या काळ्या रेघा दिसतात. मशीनमध्ये टाकू नका, ब्रश नको, इस्त्री तर अजिबात नको. मी हाताने खळबळून हँगरवर टाकते. पुढच्या वर्षी नवीन घेणार, दीडशे रुपयांत त्याने पुरेशी चाकरी केली.

हे सगळं एवढं लांबवायचं कारण ऊन. चैत्रात दुपारी चालणं शक्य नसतं, म्हणून पालखी पहाटे साडेतीन-चारला उठते, दहाच्या आत मुक्काम गाठते आणि पुन्हा ऊन उतरल्यावर निघते. म्हणजे उन्हापासून वाचायचं तर अंधारात चालायचं, आणि अंधारात गाड्या. या दोन्हींतला कुठलाच धोका हलका नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं दगावली, ती चालतही नव्हती, बसून होती. आपल्याकडे हवेत दमटपणा इतका की घाम सुकतच नाही, मग अंग थंड कसं होणार? सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर ‘थोडं बसा, बरं वाटेल’ म्हणत वेळ घालवू नये. सावलीत आडवं करायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि 108 ला फोन लावायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. महामार्गावर गाडीचा अपघात झाला तर 1033.

पाण्याबरोबर मीठही लागतं. ओआरएसचं 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. आमच्यातले निम्मे लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करतात आणि ‘जास्त ताकद येते’ म्हणतात. येत नाही, दाट पाण्याने उलट त्रास होतो. मेडिकलमधल्या रंगीत खोक्यातल्या गोड पेयांचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तरी पाकीट हातात घेऊन मागची बाजू वाचाच. बीपीची किंवा किडनीची औषधं चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बुटांची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, ते मॉडेल आता दुकानात दिसतही नाही. माप घेताना एवढं केलं: संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय सुजतात; चालायचे तेच मोजे घालून गेले आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडली. कसारा घाट आपल्याला चढायचा असतो, आणि चढावर टाच बुटात वर-खाली घासते. बुटाला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं. त्यात नाडी परत तिथेच घालून कानासारखी घडी ठेवायची, समोरची नाडी त्या घडीतून ओढून मग गाठ मारायची. टाच जागची हलत नाही. मला घाटात एकही फोड आला नाही त्याचं श्रेय या गाठीला आणि मोज्यांना. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून मी लोकरमिश्रित घेतले. महाग वाटतात, पण अजून टाचेला विरलेले नाहीत. दर विसाव्याला बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर. जिथे चुरचुरतंय तिथे लगेच कागदी सर्जिकल टेप, फोड येईपर्यंत थांबायचं नाही.

आलाच फोड, तर मंडळात एक काका हमखास सुई-दोरा घेऊन येतात आणि दोरा फोडात तसाच ठेवतात, पाणी झिरपून जावं म्हणून. त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते. काकांना मी हात जोडून नमस्कार करते आणि पाय मागे घेते. डायबेटिस असलेल्यांनी तर कुणालाही पायाला हात लावू देऊ नये, आणि रोज रात्री तळवे टॉर्चने नीट बघावेत, कारण त्यांना बऱ्याचदा जखम दुखतच नाही. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उपाशीपोटी, घामाघूम अवस्थेत घेणंही बंद व्हायला हवं. अंगातलं पाणी कमी असताना त्या किडनीला जड जातात.

बुटांवर एवढीच तक्रार: पावसाळा लागला आणि उजव्या बुटाचा तळ चवड्यापाशी उकलला. दुकानाने वॉरंटी संपली म्हणून हात वर केले. स्टेशनबाहेरच्या मोचीने कडेकडेने जाड दोऱ्याची शिलाई मारून दिली, ती अजून पक्की आहे. पण तळाची नक्षी झिजल्यामुळे स्टेशनच्या ओल्या लादीवर आता पाय सरकतो. बूट भिजले की आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवते. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवले तर डिंक सुटतो, असं मोचीचंच म्हणणं. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला खरचटलेलं असलं, तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावं. पालिका दर पावसाळ्यात हेच सांगते, आणि ती गोळी 72 तासांच्या आत सुरू करायची असते.

कपाळावरची टॉर्च ठीकठाक. तिचा उपयोग खड्डे बघायला, गाडीवाल्याला दिसायला नाही. बोलताना मान वळवली की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो, त्यावरून दोनदा शिव्याही खाल्ल्या. घामाने पट्ट्याला वास येतो, पण तो धुता येतो.

शेवटचं सामानाबद्दल नाही, टेम्पोबद्दल आहे. पालखी डाव्या कडेने चालते आणि मागे टेम्पो ब्लिंकर लावून असतो. ज्यांचे पाय दुखतात ते मागे पडतात, आणि बघता बघता टेम्पोच्याही मागे जातात. म्हणजे ज्यांना आडोशाची सगळ्यात जास्त गरज तेच उघड्यावर. एकटं-दुकटं चालायची वेळ आली तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चालावं. पण खरा उपाय म्हणजे टेम्पो शेवटच्या माणसाच्या मागे ठेवणं. यंदा मंडळाला मी हे लेखी दिलंय: शेवटी चालणारा कार्यकर्ता ठरलेला हवा, त्याच्याकडे शिट्टी हवी, आणि तो पुढे गेल्याशिवाय टेम्पोने गिअर टाकायचा नाही. जाकिटं मंडळाच्या वर्गणीतून घाऊक घ्यायची असंही सुचवलंय. अध्यक्ष म्हणाले, ‘टी-शर्ट छापायचे आहेतच, त्यावरच पट्टी मारून घेऊ.’ छापील पट्टी रात्री चमकते का, ते बघायला नमुना मागवलाय. आला की फ्लॅश मारून फोटो इथेच टाकते.