राजगडाच्या थ्रीडी मॉडेलसाठी कोपर्निकस डीईएम: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्यात गडावरच्या फेऱ्या थांबल्या आणि राजगडाचं मॉडेल करायला घेतलं. तेव्हापासून कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम वापरतोय, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकटीला एक उंची देणारा डिजिटल नकाशा. फुकट आहे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये विनातक्रार उघडतो, तिथून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेता येतो. २००० सालच्या एसआरटीएम या अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशापेक्षा सोंडा आणि घळी यात ठसठशीत येतात. गुंजवणीचं खोरं, तिन्ही माच्यांच्या दिशा, सगळं जागच्या जागी.

कड्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. उभा कातळ ३० मीटरच्या चौकटीत सापडला की त्याचा उतार होतो. बालेकिल्ला इतका सोपा दिसतो की गुरं चरायला न्यावीत! संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी दिसायचा प्रश्नच नाही. आणि सुवेळा माचीचं नेढं? एका जागेला एकच उंची, हा डीईएमचा हिशेब. आरपार भोक त्यात बसतच नाही. ते फोटोंवरून वेगळं करून जोडावं लागतं. शिवाय रडारने टिपलेली ही वरची पातळी आहे, म्हणजे रान झाडीसकट मोजलेलं.

मला सगळ्यात उपयोगी पडले ते सोबतचे थर. बरेच जण फक्त उंचीची फाइल उतरवतात. पण कुठली उंची दुसऱ्या स्रोतातून भरली, कुठे हात फिरवला, कुठे चूक किती संभवते, हे वेगळ्या थरांत दिलेलं असतं. मी ते मॉडेलवरच चढवले: मोजलेली जमीन नैसर्गिक रंगात, भरलेली राखाडी, माझ्या अंदाजाची गेरूच्या रंगात. एका बटणाने हे रंग चालू-बंद होतात. उंची दीडपट ताणली असेल तर तेही पडद्यावर लिहितो. २०२५ मध्ये राजगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून चकचकीत मॉडेलं बरीच पाहिली. जमीन कुठून घेतली, हे बहुतेकांत सापडत नाही. पुराव्यावरचं काय आणि तर्काचं काय हे सांगा, असं लंडन चार्टर, म्हणजे वारशाच्या संगणकीय मॉडेलांसाठीची तत्त्वं, २००६ पासून बजावतोय.

एक सूचना: जीपीएसची कच्ची उंची थेट जुळवू नका. ती पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते, तर डीईएमची उंची ईजीएम २००८ वर, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून असते. आपल्याकडे दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो.

खोऱ्यासाठी साडेचार तारे, कड्यांसाठी दोन. तटबुरुजांच्या बारकाव्यासाठी ड्रोनला पर्याय नाही, आणि त्याला आधी परवानगी काढावी लागते.