पहिलीचं लेखन : क-ख-ग की ग-म-भ-न?

जून उजाडला की पहिलीचा वर्ग नव्याने हाती आलेला शिक्षक हा प्रश्न विचारतोच. घरी मुलाला मराठी लिहायला शिकवणारे आईबाबाही विचारतात. मुळाक्षरं क पासून ज्ञ पर्यंत ओळीने गिरवून घ्यायची, की ग, म, भ, न असे अक्षरगट करून? मी दोन्ही तऱ्हांनी पहिली शिकवली आहे. पूर्ण वाक्यापासून अक्षराकडे येणारी तिसरी तऱ्हाही आहे, पण तिला छोटा वर्ग आणि भरपूर गोष्टींची पुस्तकं लागतात. ती सोय असेल त्यांनी तिचा जरूर विचार करावा.

क्रमाची बाजू आधी घेतो, कारण हल्ली तिला उगाच कमी लेखलं जातं. आपली वर्णमाला मुळात फार विचाराने लावलेली आहे. क म्हणताना आवाज घशाशी असतो, च टाळूशी, ट त्याच्या थोडा पुढे, त दातांशी आणि प ओठांवर. मुलांना आरशासमोर उभं करून क-च-ट-त-प म्हणायला लावा, आवाज पुढे पुढे सरकतोय हे त्यांना स्वतःला कळतं. पुढे शब्दकोश उघडायची वेळ येते तेव्हा हाच क्रम उपयोगी पडतो. शिवाय तो आजीला येतो, शेजारच्या ताईला येतो, त्यामुळे घरचा हात लागतो. आणि ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारं मूल दिवाळीनंतर दुसऱ्या गावच्या शाळेत बसलं, तर ते कुठवर आलंय हे तिथल्या बाईंना एका प्रश्नात समजतं. ही शेवटची गोष्ट मला खरंच मोठी वाटते.

अडचण एवढीच की हा क्रम तोंडासाठी लावलेला आहे, हातासाठी नाही. पहिल्याच दिवशी मुलाच्या वाट्याला क येतो : मधला दंड, डावीकडे गोल, उजवीकडे वळसा. लगेच ख, जो ढिला लिहिला की ‘रव’ दिसतो. पाचवं अक्षर ङ, ज्याने सुरू होणारा एकही शब्द मुलाला सांगता येत नाही. उलट ग, म, भ, न या चौघांत उजवीकडचा दंड तोच राहतो, डावीकडचं वळण तेवढं बदलतं. ग बसला की म ला हात आपोआप वळतो. व-ब-क, र-स-ख, प-ष-फ हे गटही याच हिशोबाने पडतात. ज्या मुलाने शाळेत येईपर्यंत पेन्सिल धरलेलीच नसते, त्याला याचा फार आधार होतो.

तरीही नुसत्या वळणासाठी मी बाजू बदलली नसती. क्रमाने शिकलेल्या माझ्या वर्गात एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. मुलांना अक्षर सुटं आठवायचंच नाही, रांगेतूनच आठवायचं. एका मुलीला पाटीवर ‘दूध’ लिहायचं होतं. मुळाक्षरं आणि बाराखडी दोन्ही तिला तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. ती पुटपुटायला लागली, ‘त थ द’. द काढला. मग ‘द दा दि दी दु दू’, आणि खाली उकार दिला. मग पुन्हा ‘त थ द ध’. ध काढून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहून विचारलं, “सर, पुढं काय लिहायचं होतं?” तिला लिहायचं होतं ‘दूध सांडलं’. सांडलं कुणी, कसं, आई काय म्हणाली, हे सगळं तिने मला मघाशी हातवारे करून सांगितलं होतं. पाटीवर मात्र एक शब्द उतरला आणि तेवढ्यात सांगायची गोष्ट हातातून निसटली.

हे एकाच मुलीचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ठ हवा असला की ट पासून सुरुवात, कौ हवा असला की क का कि की, हे अर्ध्या वर्गाचं चाललेलं असायचं. अशा मुलांच्या वह्या सुरेख दिसतात, पालक खूश होतात, तपासायला आलेले साहेबही खूश होतात. स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहा म्हटलं की वर्ग गप्प होतो. मला हे सहन होईना. पहिलीतल्या मुलाला सांगायला इतकं असतं, आणि लेखन शिकवायचं ते त्यासाठीच ना?

अक्षरगटाने जाताना चार अक्षरं झाली की लगेच काना घेता येतो. ग, म, भ, न, त्यात ल आणि काना मिळवला की मामा, नाग, भाग, गाल, मला, लागला, भागला एवढे शब्द मुलाच्या हातात येतात. गणपतीच्या सुट्टीआधी माझ्या वर्गातल्या एका मुलाने कुणी न सांगता लिहिलं, ‘मामा भागला’. त्याचा मामा रात्री हमालीहून आला होता. र्‍हस्व वेलांटी मी मुद्दाम उशिरा घेतो, कारण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो आणि ती दिसते मात्र अक्षराआधी. त्यात मुलं हमखास अडतात.

या पद्धतीतही त्रास आहेत. सारख्या वळणाची अक्षरं शेजारी आली की हाताचं काम सोपं होतं, पण डोळा फसतो. म आणि भ ची अदलाबदल बरेच दिवस चालते, पुढे घ-ध ची. ‘गगन’, ‘नमन’ असले शब्द केवळ अक्षरं जुळतात म्हणून फळ्यावर येतात. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला किंवा परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलाला त्यांचा काय उपयोग? तिथे मुलांच्या तोंडातले शब्द घेऊन गट बांधावा लागतो, आणि ते काम शिक्षकानेच बसून करायचं. पालकसभेत तर ‘अजून क ख ग आलं नाही?’ हा प्रश्न ठरलेला.

तेव्हा घरी एकच मूल असेल, आजी रोज घेऊन बसत असेल, तर क्रमानेही काही बिघडत नाही. फक्त रोज दोन-चार अक्षरं रांग मोडून विचारा. वर्ग मोठा असेल आणि घरून मदत नसेल, तर मी अक्षरगटच घेईन. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातही अक्षरं गटागटानेच येतात, त्यामुळे वेगळी जुळवाजुळव फारशी लागत नाही. वर्णमाला मी परिपाठात गाण्यासारखी म्हणून घेतो, 2009 साली शासनाने घेतलेल्या ॲ आणि ऑ सकट, आणि ती लिहायला दुसरीत सांगतो. भिंतीवरचा तक्ता तेवढा पाहून घ्या : ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे नकोत. गाव सोडून जाणाऱ्या मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर झालेले गट लिहून द्या, म्हणजे तिकडच्या बाई त्याला पुन्हा क पासून बसवणार नाहीत.