शाळेची घंटा: साडेसातची की साडेआठची?

किशोरवयात मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं, त्यामुळे अकराच्या आत डोळा लागणं कठीण. साडेसातच्या शाळेसाठी सहाला उठवलं, तर झोप जेमतेम सात तास. गरज आठ ते दहाची. पहिल्या तासाला मान बाकावर टेकते ती आळसामुळे नव्हे. (रात्रभर मोबाईल बघणाऱ्यांची वकिली मात्र मी करणार नाही.)

साडेआठची बाजू इथे सरळ वरचढ आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने 2016 मध्ये माध्यमिक शाळा 7:50 वरून 8:45 वर नेल्या, तेव्हा मुलांची झोप साधारण 34 मिनिटांनी वाढली. म्हणजे मिळालेला सगळा वेळ जागरणात गेला नाही.

खर्चाचं काय? साडेसातची शाळा स्वस्त पडते, कारण एकच बस आधी मोठ्यांना, मग धाकट्यांना सोडते. मोठ्यांना मागे ढकललं की जादा बस आणि चालक घ्या, नाहीतर धाकट्यांना पहाटे उठवा. बोस्टनमध्ये 2017 साली नेमकं यावरूनच पालक खवळले आणि प्रशासनाला बेत गुंडाळावा लागला. शिवाय लवकर कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांना सकाळी सांभाळायचं कोणी? संध्याकाळचे खेळही अंधारात जातात.

तरी माझं मत साडेआठलाच. बसचा खर्च निदान अंदाजपत्रकात दिसतो. अपुऱ्या झोपेची किंमत मुलंच मोजतात. फक्त धाकट्यांची वेळ आधी ठरवा.