दवाखान्यातील फोनवरचा दुभाषी : काही महिन्यांच्या वापरानंतर

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत जनरल प्रॅक्टिस करताना व्हिएतनामी, करेन, अरबी किंवा दारी बोलणारे आणि इंग्रजी न येणारे रुग्ण सतत समोर येतात. आमच्याकडे वर्षानुवर्षे अशा रुग्णासोबत आलेला मुलगा किंवा सून हेच दुभाष्याचे काम करत असत. गेले काही महिने मी मात्र अशा प्रत्येक भेटीत ‘टीआयएस नॅशनल’ या सरकारी सेवेचा फोनवरचा दुभाषी घेत आहे आणि आता जुन्या पद्धतीकडे वळण्याची माझी मुळीच तयारी नाही.

ही सेवा 1973 मध्ये तातडीच्या प्रसंगांसाठी सुरू झाली. आज ती ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्यामार्फत चालते आणि 150 हून अधिक भाषांसाठी चोवीस तास उपलब्ध असते. खासगी डॉक्टरांसाठी वेगळी प्राधान्य लाइन आहे, आणि रुग्ण मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेसाठी पात्र असेल व सेवा मेडिकेअरमध्ये बसत असेल, तर दुभाष्याचे पैसे डॉक्टरला किंवा रुग्णाला द्यावे लागत नाहीत. दवाखान्याचा क्लायंट कोड आणि हवी असलेली भाषा सांगितली की ऑपरेटर दुभाष्याला जोडून देतो. कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांसाठी वेळ आधी ठरवून ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते.

या सेवेचे खरे मोल मला एका वृद्ध व्हिएतनामी रुग्णामुळे कळले. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांच्या पायांवर सूज येत असे आणि लघवीच्या गोळ्यांचा डोस वाढवूनही ती उतरत नव्हती. सोबत येणारा मुलगा अत्यंत काळजीवाहू होता आणि ‘आई गोळ्या नियमित घेते’ असे तो मनापासून सांगत असे. फोनवर दुभाषी आल्यावर मुलगा बाहेर बसला, आणि बाईंनी सांगितले की बाजाराला किंवा देवळात जायचे असेल त्या दिवशी त्या गोळी घेतच नाहीत, कारण वाटेत लघवी आवरत नाही आणि हे मुलासमोर बोलण्याची त्यांना लाज वाटते. आम्ही गोळीची वेळ बदलून ती घरी परतल्यानंतर घ्यायची असे ठरवले. पुढच्या भेटीपर्यंत सूज उतरू लागली होती. मुलगा खोटे बोलत नव्हता. आईने त्याला सांगितले होते तेवढेच तो आम्हाला सांगत होता.

भाषा ठरवताना काळजी घ्यावी लागते. म्यानमारहून आलेला रुग्ण बर्मी बोलेलच असे नाही. करेन समाजातही स्गॉ आणि प्वो या वेगळ्या भाषा आहेत. अफगाणिस्तानातून आलेल्या रुग्णाला दारी हवी, पश्तो हवी की हजारगी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून आता ही नोंद आमच्या स्वागतकक्षातच केली जाते आणि स्त्री दुभाषी हवी असल्यास तेही तिथेच लिहिले जाते. छोट्या समाजातील रुग्णांना आपली गोष्ट ओळखीच्या माणसाच्या कानावर जाण्याची भीती असते. दुभाषी फोनवर असला आणि तो दुसऱ्या शहरातला असला, तर ही भीती बरीच कमी होते, हे मी वारंवार पाहिले आहे.

बोलण्याची शिस्त डॉक्टरने लावून घ्यावी लागते. मी एका वेळी एक-दोन वाक्येच बोलते, फोनकडे न पाहता रुग्णाकडे पाहते आणि ‘त्यांना विचारा’ असे न म्हणता थेट रुग्णालाच प्रश्न विचारते. शेवटी, औषध कसे घेणार ते रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावे, असा माझा आग्रह असतो. गैरसमज सर्वांत जास्त याच टप्प्यावर उघडे पडतात. अशा भेटीला वेळ जास्त लागतो, म्हणून ती 20 मिनिटांहून मोठीच ठरवावी. टेबलावरच्या जुन्या फोनच्या स्पीकरवर रुग्णाचा हळू आवाज पोहोचत नसल्यामुळे आम्ही कॉन्फरन्ससाठीचा वेगळा स्पीकर घेतला, आणि हा खर्च सार्थकी लागला.

काही मर्यादा फोन या माध्यमाच्याच आहेत. रुग्ण पोटावर बोट ठेवून ‘इथे’ म्हणतो तेव्हा ते बोट दुभाष्याला दिसत नाही, म्हणून जागा कोणती ते मला मोठ्याने सांगावे लागते. कमी ऐकू येणारे वृद्ध, स्मृतिभ्रंशाची तपासणी, तीव्र मानसिक त्रास आणि कर्करोगाचे निदान सांगण्याची भेट, यांसाठी प्रत्यक्ष येणारा दुभाषीच हवा असे माझे ठाम मत आहे. भाषांतराचे अ‍ॅप मी फार तर पुढच्या भेटीची तारीख सांगण्यापुरते वापरते.

आपल्या मराठी कुटुंबांना मला कळकळीने काही सांगायचे आहे. मला स्वतःला मराठी रुग्णासाठी दुभाषी लागत नाही, पण माझ्या सहकाऱ्यांना लागतो, आणि ‘बाबांना काही सांगू नका, मी बघतो’ असे म्हणणारे मुलगे-मुली त्यांना नेहमी भेटतात. व्यावसायिक दुभाष्यावर बोललेले सर्व काही सांगण्याचे आणि ते गोपनीय ठेवण्याचे बंधन असते. आई-वडिलांच्या काळजीने गळा दाटलेल्या मुलाकडून तशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागून ठेवा. आई-वडील पर्यटक व्हिसावर आले असतील आणि त्यांच्याकडे मेडिकेअर नसेल, तर ही मोफत सोय त्यांना लागू होत नाही. दुभाष्याचा खर्च दवाखाना उचलणार की तुम्ही, हे फोन करतानाच विचारून घ्या.