उंच ऊर्जा-गवताची कापणी: कुट्टी करावी की गाठी बांधाव्यात?

ऊर्जेसाठी उंच गवत लावताना बियाण्याचा, कंदांचा आणि खताचा हिशेब लोक बारकाईने मांडतात. कापणीचं मात्र ‘बघू वेळ आल्यावर’ असं होतं. वास्तविक मिस्कँथस हे कंदांपासून वाढणारं उंच गवत एकदा लावलं की १५ ते २० वर्षं शेतात राहतं, म्हणजे लागवड एकदाच आणि कापणी दरवर्षी. नेपियर, म्हणजे हत्ती गवत, तर वर्षातून अनेकदा कापावं लागतं. यंत्र चुकीचं निवडलं तर त्याचा भुर्दंड दर हंगामात नव्याने बसतो.

मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे मोअरने कापायचं, ओळीत पडू द्यायचं आणि मग बेलरने गाठी बांधायच्या. दुसरा म्हणजे फोरेज हार्वेस्टर उभ्या पिकात घालायचा. तो कापतानाच कुट्टी करतो आणि ती शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडते.

दोन्हींची तुलना करण्याआधी पिकातला ओलावा बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. हिरव्या नेपियरमध्ये ७० ते ८० टक्के पाणी असतं. ७५ टक्के धरलं तरी चार टन मालात कोरडा ऐवज एकच टन. जाड कांडी लवकर वाळत नाहीत, पेरं तर शेवटपर्यंत ओली राहतात. असा माल गाठीत बांधला की आत तापतो आणि बुरशी धरतो. म्हणून नेपियर बायोगॅससाठी असेल तर फार विचार करू नका, बारीक कुट्टीच करा. मुरघास घालून साठवायलाही तीच सोयीची.

मिस्कँथसचं गणित वेगळं. थंड प्रदेशात ते हिवाळाभर उभं ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर कापतात. तोवर पानं गळतात, ओलावा साधारण २० टक्क्यांवर किंवा त्याखाली येतो आणि बरीच पोषणद्रव्यं कंदात परत जातात. पोटॅश आणि क्लोरीन कमी झाल्याने बॉयलरमध्ये राख वितळून चिकटण्याचा त्रासही घटतो. याची किंमत म्हणजे घटलेलं वजन. शरद ऋतूतल्या भरापेक्षा ते चौथाईने, कधी त्याहूनही जास्त कमी भरतं. तरीही जाळायच्या मालासाठी मी हा सौदा फायद्याचा मानतो. पाणी वाहून नेण्यात आणि मग ते उडवण्यात जो पैसा जातो, तो दिसत नाही इतकंच.

अशा वाळलेल्या पिकात दोन्ही मार्ग खुले असतात, आणि खरी तुलना इथे सुरू होते.

फोरेज हार्वेस्टरची जमेची बाजू म्हणजे काम एका फेरीत संपतं. माल जमिनीवर पडतच नाही, त्यामुळे माती आणि दगड कमी येतात, वेचताना होणारी गळही टळते. ओळी न पाळता कापणारं रोटरी हेडर लावलं की तीन-चार मीटर उंचीचं पीकही तो सहज ओढून घेतो. पण शेजारी ट्रॉली नसेल तर हे महागडं यंत्र जागच्या जागी थांबतं. माल जिथे जाळायचा तो कारखाना लांब असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा ताफाच लागतो, आणि ओल्या जमिनीवर तो ताफा फिरला की कंदांवरची माती दबते.

मोअर-बेलरच्या मार्गात अवजारांची खरेदी हलकी असते, ट्रॅक्टर बहुतेकांकडे असतोच. गोल गाठींच्या बेलरला ६० ते १०० अश्वशक्ती साधारणपणे पुरते, मोठ्या चौकोनी गाठींना १५० किंवा जास्त लागते. अडचण येते ती कडक कांड्यांची. साध्या चाऱ्यासाठी बनवलेल्या मोअरपुढे हे पीक आडवं पडतं, कांडी एकमेकांत अडकतात आणि ओळ इतकी जाड होते की बेलरचा पिकअप, म्हणजे ओळ उचलून आत घेणारा भाग, तुंबतो. मोअरला जोडलेला, कांडी चेपणारा कंडिशनर मजबूत असेल तर तो कांडी चिरतो आणि माल नीट दाबला जातो, म्हणून तिथे काटकसर करू नका. यावर सुतळी किंवा जाळी, गाठी गोळा करणं, रचणं, भरणं, उतरवणं आणि कारखान्यात पुन्हा फोडणं हे खर्च येतातच.

मग लोक गाठी का बांधतात? वाहतुकीसाठी. वाळलेल्या मिस्कँथसची कुट्टी घनमीटरला साधारण ७० ते १०० किलो भरते, मोठ्या चौकोनी गाठी १२० ते १६०. समजा ट्रेलर ९० घनमीटरचा आहे. कुट्टी सात-आठ टन मावेल, गाठी बारा टनांच्या आसपास. हेक्टरी १२ टन उताऱ्याने १०० हेक्टरचा माल १,२०० टन होतो. कुट्टीच्या सुमारे १५० खेपा लागतील, गाठींच्या सुमारे १००. कारखाना शेताला लागून असेल तर या फरकाचं काही वाटत नाही. अंतर वाढलं की शेतात वाचवलेलं सगळं रस्त्यावर खर्ची पडतं. साठवणीलाही कुट्टीला जवळपास दीडपट शेड लागते.

उसाच्या हार्वेस्टरचा पर्याय सरळ ओळीतल्या जाड, ओल्या पिकापुरता ठीक आहे. वाळलेल्या मिस्कँथससाठी मी तो सुचवणार नाही.

विकत की भाड्याने? घसारा, व्याज आणि विमा यंत्र उभं असलं तरी चालूच असतात. वर्षाला १०० तास चालणारं यंत्र ४०० तास चाललं तर तासामागे हा बोजा चौथाईवर येतो. फक्त स्वतःच्या पिकासाठी फोरेज हार्वेस्टर घेणं म्हणूनच क्वचित परवडतं. तो भाड्याने आणावा. मोअर आणि बेलर इतर चाऱ्यालाही चालतात, ते घेण्यात अर्थ आहे. पात्यांचा खर्च दोन्हीकडे मोकळ्या हाताने धरा. गवतातली सिलिका धार लवकर खाते, आणि बोथट पात्याने कापलेले बुडखे फाटून त्यांचे तंतू निघालेले दिसतात.

भाड्याचा दर हेक्टरी सांगितला जातो. तुम्ही तो कारखान्याच्या काट्यावरच्या कोरड्या टनामागे काढून घ्या, तरच दोन दर शेजारी ठेवता येतात. आणि कापणीची उंची करारात लिहून घ्या, साधारण १० ते १५ सेंटीमीटर. चालकाने घाईत उंच कापलं तर विकण्याजोगा माल शेतात राहतो, खूप खाली कापलं तर माती येते. मागे राहिलेली धसकटं टायर फाडण्याइतकी कडक असतात, तेव्हा ट्रॉलीच्या टायरचं नुकसान कोणी सोसायचं तेही त्याच कागदावर येऊ द्या.