राष्ट्र चालवायचं आहे, पण कुठल्या गेममध्ये? चार ग्रँड स्ट्रॅटेजी गेमची तुलना

ग्रँड स्ट्रॅटेजी, म्हणजे नकाशावर अख्खं राज्य चालवायचे गेम, म्हटलं की स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचे चार गेम समोर येतात: क्रुसेडर किंग्ज ३ (२०२०), युरोपा युनिव्हर्सालिस ४ (२०१३), व्हिक्टोरिया ३ (२०२२) आणि हार्ट्स ऑफ आयर्न ४ (२०१६). दिसायला चारही भावंडं. मोठा नकाशा, कोपऱ्यात तारीख, स्पेसबार दाबला की काळ थांबतो. त्यामुळे बरेच जण फक्त आवडत्या कालखंडावरून निवड करतात आणि आठवड्याभरात कंटाळतात. त्यापेक्षा प्रत्येक गेममध्ये टंचाई कशाची असते ते बघा. पुढचे शंभरेक तास तुम्ही त्या टंचाईशीच झटणार आहात.

युरोपा ४ मध्ये टंचाई असते राज्यकर्त्याच्या गुणांची. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि प्रशासन, मुत्सद्देगिरी, लष्कर असे तीन प्रकारचे पॉइंट दरमहा साठत जातात. प्रत्येकात मूळचे ३, त्यात राजाची कुवत ० ते ६, वर सल्लागाराची भर. राजा ३ चा आणि सल्लागार २ चा असेल, तर महिन्याला ८ प्रशासकीय पॉइंट मिळतात. आता जिंकलेला मुलूख 'कोअर' करायला, म्हणजे पुरता आपलासा करायला, सवलती धरल्या नाहीत तर, विकासाच्या (मुलूख किती संपन्न आहे त्या आकड्याच्या) दर एककामागे १० पॉइंट लागतात. ४० विकासाचा मुलूख घेतला की ४०० पॉइंट, म्हणजे चार वर्षांहून जास्त कमाई गेली. त्याच पॉइंटांतून तंत्रज्ञानाची पायरीही चढायची असते आणि तिची मूळ किंमत ६००. नवखे खेळाडू लढाया जिंकतात, पण इथे अडकतात. कोअर न झालेल्या मुलखामुळे ओव्हरएक्स्टेन्शन (न पचलेल्या मुलखाचा बोजा) १०० टक्क्यांपुढे गेलं, की बंडं आणि वाईट घटनांची रांग लागते. शिवाय एखाद्या शेजाऱ्याच्या मनात तुमच्या आक्रमकतेचा आकडा ५० च्या वर गेला आणि संबंध उणे असले, की तो तुमच्याविरुद्धच्या युतीत शिरू शकतो. म्हणून तहाचा करार पाठवण्याआधी त्या पडद्यावर कोणाचा राग किती वाढणार ते वाचायचं, दोन प्रांत कमी घ्यायचे आणि पुढचं युद्ध दुसऱ्या दिशेला करायचं. हा संयम ज्यांना आवडतो, त्यांना इतकी वर्षं झाली तरी या गेमला तोड नाही.

व्हिक्टोरिया ३ (१८३६ ते १९३६) मध्ये टंचाई मालाची. आमच्या मते 'राष्ट्र चालवणं' या शब्दांना खरा न्याय हाच गेम देतो. इथे सगळं बांधकाम क्षमतेभोवती फिरतं. सुरुवातीला बांधकाम विभाग लाकूड आणि कापडावर चालतो. पुढची लोखंडी चौकटीची पद्धत वेगवान असते, पण तिला लोखंड आणि अवजारं लागतात. क्रम असा ठेवा: खेळ पॉजवर ठेवून आधी एक-दोन बांधकाम विभाग वाढवा, मग लाकूडतोड, लोखंडाची खाण, अवजारांचा कारखाना, आणि बाजारात माल दिसायला लागला की मगच पद्धत बदला. उलट केलंत तर अवजारांचा भाव मूळ किमतीच्या ७५ टक्के वर, म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत, चढू शकतो. सरकारच त्या मालाचं मोठं गिऱ्हाईक असल्याने तिजोरी झपाट्याने आटते. थोडं कर्ज काढून बांधत राहणं इथे शहाणपणाचं आहे. कर्जाची मर्यादा गाठणं मात्र घातक. दुसरी अडचण कायद्यांची. जमीनदारांचं वजन जास्त असताना त्यांच्या हक्कांवर घाला घालणारा कायदा रेटला, तर क्रांती उभी राहते. आधी कारखाने वाढवून उद्योजक बळकट करा, त्यांना सरकारात घ्या, मग कायदा आणा. अर्थकारण आणि राजकारण असं एकमेकांत गुंतलेलं दुसऱ्या तिघांत सापडत नाही.

क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये देश दुय्यम, घराणं मुख्य. ८६७, १०६६ किंवा नंतर जोडलेलं ११७८, यांपैकी कुठूनही सुरुवात करा, शेवट १४५३. टंचाई असते चांगल्या वारसांची. सुरुवातीच्या वाटणी-कायद्याने राजा मेला की मुलांत राज्य विभागलं जातं, आणि तीस वर्षांची मेहनत एका दिवसात तीन तुकड्यांत जाते. राजा म्हातारा व्हायच्या आत वाटणीचा पडदा उघडून कोणाला काय जाणार ते पाहून ठेवा. शिवाय राजाचा स्वभाव सांभाळावा लागतो: दयाळू राजाने कैद्याला मारलं तर त्याचा ताण वाढतो.

हार्ट्स ऑफ आयर्न ४ म्हणजे १९३६ पासूनचं युद्ध आणि त्यासाठीची उत्पादनव्यवस्था. नागरी कारखान्यांनी बाकीचं बांधायचं, लष्करी कारखान्यांनी शस्त्रं. एका बांधकामावर जास्तीत जास्त १५ नागरी कारखाने लागतात, त्यामुळे यादीत कायम दोन-तीन कामं ठेवावी. उत्पादन रेषेवर सारखं मॉडेल बदललं की कार्यक्षमता घसरते. सैन्य अडण्याचं नेहमीचं कारण रसद: रेल्वे आणि पुरवठा केंद्रांपलीकडे पाठवलेली तुकडी कितीही भारी असली तरी झिजते.

युद्ध हातात हवं की नको, यावरही बरंच ठरतं. युरोपा ४ मध्ये एकेक सैन्य तुम्ही स्वतः हलवता आणि किल्ल्यांचे वेढे मोजता. हार्ट्समध्ये आघाडीवर योजना रेखाटून तपशील सेनापतीवर सोपवता येतो किंवा एकेक डिव्हिजन हलवता येते. व्हिक्टोरियात फौज आघाडीवर नेमून बाकी सेनापतींवर सोडायचं; लढाईची हौस असलेल्यांचा इथे विरस होतो.

पहिल्या डावासाठी देश: क्रुसेडरमध्ये १०६६ चं आयर्लंडमधलं मन्स्टर, गेमचं शिक्षणही तिथेच आहे. युरोपा ४ मध्ये ऑटोमन किंवा पोर्तुगाल. व्हिक्टोरियात बेल्जियम किंवा स्वीडन. हार्ट्समध्ये इटली; इथिओपियाच्या युद्धावर चढाईचे धडे मिळतात.

आपल्याकडचा नकाशा शोधत असाल, तर क्रुसेडरच्या ८६७ मध्ये दख्खनवर राष्ट्रकूट भेटतील. युरोपा ४ मध्ये १४४४ ला बहामनी, खानदेश आणि विजयनगर आहेत, आणि मराठी संस्कृतीच्या राज्याला अटी पूर्ण करून मराठा राज्य स्थापता येतं. व्हिक्टोरियात ग्वाल्हेर आणि इंदूर आहेत, पण कंपनी सरकारच्या अंकित. तिथून सुटका करून घेणं कठीण असल्याने तो डाव पहिला नको.

युरोपा युनिव्हर्सालिस ५ हा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्याचा काळ १३३७ पासून सुरू होतो, आणि पॉइंटांऐवजी लोकसंख्या व बाजारावर भर आहे. व्हिक्टोरिया आवडलेल्यांनी त्याचा विचार जरूर करावा. पहिलाच गेम म्हणून मात्र तो जड जाईल. व्हिक्टोरिया आणि हा, दोन्हींना प्रोसेसर चांगला लागतो. जुन्या लॅपटॉपवर शेवटची दशकं अगदी संथ सरकतात.

पैशांचं म्हणाल तर मूळ गेम सेलमध्ये घ्या, डीएलसी (वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडण्या) लगेच नको. युरोपा ४ आणि हार्ट्सला मासिक वर्गणी भरून सगळ्या डीएलसी चाखून बघता येतात. मित्रांबरोबर खेळताना होस्टकडच्या, म्हणजे डाव उघडणाऱ्याकडच्या, डीएलसी सगळ्यांना लागू होतात, म्हणून गटात एकाने घेतल्या तरी पुरे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. तुमचा संगणक तो झेपवतो की नाही, हे मात्र त्या दोन तासांत नक्की तपासा: सर्वांत जास्त वेग लावून एक-दोन वर्षं सरकू द्या आणि सुरुवातीलाच अडखळतोय का ते पाहा.